काळजीगृहात नव्याने कामाला लागताना

निवासी काळजीगृहात कामाला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी एकाच गोष्टीची धास्ती असते: अंगोळ घालणं, डायपर बदलणं, उलटी-संडास साफ करणं मला जमेल का? जमतं. थोड्याच दिवसांत हात सरावतात आणि नाकही. नवा माणूस अडतो तो भलत्याच ठिकाणी. मजल्यावर पंधरा-वीस वृद्ध राहतात, प्रत्येकाची झोपायची, खायची, चिडायची तऱ्हा निराळी. त्यांतल्या एकाचं आज काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यांत आधी तुमच्याच लक्षात यायला हवं. डॉक्टर त्या माणसाला अधूनमधून काही मिनिटं पाहतात, तुम्ही रोज आठ-दहा तास. खाली कामं साधारण क्रमाने दिली आहेत, पण नजर सगळीकडे एकच ठेवायची: या माणसाचं रोजचं काय आहे आणि आज त्यात काय बदललंय.

पायरी १: नोकरी पक्की करण्याआधी

मुलाखतीला जाल तेव्हा शक्य असेल तर जेवणाच्या वेळेला जा. ऑफिसमधल्या गप्पांपेक्षा जेवणाची खोली जास्त खरं सांगते. भरवणारे बसून भरवतायत की उभ्याने, ताटं पुढे ठेवून लगेच उचलली जातायत का, कुणी बेल वाजवली तर किती वेळाने कुणी उठतं, हे बघा. लघवीचा वास एखाद्या खोलीपुरता असेल तर ते समजण्यासारखं आहे, कारण अपघात होतच असतात. सगळ्या मार्गिकेत मुरलेला वास मात्र मनुष्यबळ कमी असल्याचं लक्षण.

तीन प्रश्न स्पष्ट विचारा. रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती कर्मचारी असतात? उचलायला यांत्रिक लिफ्ट आहे का आणि ती चालते का? तुमच्या पदाच्या माणसाने काय करायचं आणि काय करायचं नाही? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. इन्सुलिन टोचणं, नाकातल्या नळीतून अन्न देणं, जखमेचं ड्रेसिंग ही परिचारिकेची किंवा तसं प्रशिक्षण घेतलेल्याची कामं असतात. माणसं कमी पडली की ती हळूच मदतनिसाच्या गळ्यात पडतात. आधी विचारून ठेवलेलं असेल तर नाही म्हणायला सोपं जातं.

पायरी २: पहिली पाळी

कामाची सुरुवात हँडओव्हरने होते, म्हणजे आधीची पाळी पुढच्या पाळीला प्रत्येकाची माहिती देते. आधीच्या पाळीचे लोक दमलेले असतात, भराभर बोलतात, आणि नव्या माणसाला नावंसुद्धा कळत नाहीत. खिशात छोटी वही ठेवा. पूर्ण नावं लिहू नका, खोलीचा क्रमांक पुरे. ही वही बाहेर कुठे राहिली तर एखाद्याच्या आजाराची जाहिरात व्हायला नको. प्रत्येकाबद्दल एवढं टिपा: ऐकू कोणत्या कानाने येतं, चष्मा-कवळी आहे का, कोणती बाजू अधू, एकट्याने उठतात की आधार लागतो, कशा प्रकारचं अन्न चालतं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि चिडले तर कशाने शांत होतात. हे सगळं काळजी आराखड्यात (कुणाची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी नोंदीत) असतं, पण शेवटचा मुद्दा बहुधा जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असतो. त्याला विचारा.

दारावर टकटक करून आत जा, दार उघडं असलं तरी. नाव सांगा, रोज सांगा. समोरच्यांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. कुणाला आजी म्हटलेलं आवडतं, कुणाला आडनावाने हाक मारलेली, तर एखाद्या निवृत्त शिक्षिका बाई म्हटल्याशिवाय वळूनही बघत नाहीत. अहो-जाहो सोडू नका. अंथरुणात पडलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाशी बोबडं बोलायची सवय अनेक चांगल्या, मायाळू कर्मचाऱ्यांना असते. त्यांना त्यात प्रेम दिसतं, ऐकणाऱ्याला ते तसं वाटेलच असं नाही.

पहिले काही दिवस काम हळू होईल आणि कुणीतरी त्यावरून बोलेल. ऐकून घ्या आणि हळूच करा. वेग आपोआप येतो, पण घाईत लागलेली वाईट सवय जात नाही.

पायरी ३: सकाळची स्वच्छता

हात धुण्यापासून सुरुवात. हाताला मळ दिसत नसेल तर अल्कोहोलचं सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं. साबण-पाण्याने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना अशाच आहेत. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर मात्र साबण-पाणीच वापरा. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारशी दाद देत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही, आणि एका खोलीतले मोजे घालून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळीकडे मोडलं जातं.

अंगोळीआधी खोली उबदार करा, लागणारं सगळं हाताशी घ्या, मगच कपडे काढा. पाणी कोमट, ३८ ते ४० अंशांच्या आसपास. ४४ च्या वर तर कधीच नको, म्हाताऱ्या कातडीला ते भाजू शकतं. थर्मामीटर असेल तर तो, नसेल तर कोपर बुडवून बघा. जो भाग धुताय तेवढाच उघडा, बाकी अंग टॉवेलने झाकलेलं. डोळे नाकाकडून कानाकडे पुसायचे, साबण न लावता. स्त्रियांची स्वच्छता पुढून मागे. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळ्यांत पाणी राहू देऊ नका, तिथेच बुरशी धरते. कपडे घालताना अधू हात बाहीत आधी, काढताना धडधाकट हात आधी. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पक्षाघाताच्या माणसाची निम्मी ओरड थांबते.

ज्यांना स्वतःचा चेहरा पुसता येतो त्यांच्या हातात कापड द्या. बटणं लावायला दहा मिनिटं लागतात तर लागू द्या, तेवढ्यात पलंग आवरून घ्या. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्ध निवासात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि प्रत्येकाला सांभाळायला एक झाड दिलं. दुसऱ्या मजल्यावरही झाडं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार होते. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत आणि आनंदी आढळले. प्रयोग लहान होता, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत; पण तुम्ही केलंत तर दोन मिनिटांत होणारं काम त्यांना दहा मिनिटं का करू द्यायचं, याचं उत्तर त्यात आहे. शिवाय बटणं लावणारी बोटं बघायला मिळतात. काल जमत होतं आणि आज जमत नाही, हे दुसरं कुठे कळणार?

अंगोळ म्हणजे कातडी तपासायचीही वेळ. माकडहाड, टाचा, कमरेची बाजूची हाडं, कोपरे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, रोज बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. फिका पडतच नसेल तर बेडसोअरची (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली आहे, त्याच क्षणी परिचारिकेला सांगा. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक, दुखरी किंवा गडद झालेली जागा शोधावी लागते. त्या डागावर तेल चोळून मालिश करण्याचा मोह अनेकांना होतो. करू नका, आतलं नाजूक ऊतक आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात, आराखड्यात वेगळं लिहिलं असेल तर तसं. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन तीसेक अंश तिरकं ठेवा, म्हणजे कमरेच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. खुर्चीत बसलेल्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण बसलेला माणूस बरा दिसतो. पण बसल्यावर सगळा भार थोड्याशा जागेवर येतो, त्यामुळे खुर्चीतली हालचाल पलंगापेक्षा लवकर-लवकर व्हायला हवी. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं चुकत नाही. आणि माणसाला चादरीवरून ओढायचं नाही. सरकवायला ड्रॉशीट (अंगाखाली घातलेली आडवी चादर) धरून दोघांनी मिळून.

तोंडाची स्वच्छता घाईत सर्वांत आधी गळते. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने साफ करायची असते. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात. कवळी सैल झाली असेल तर माणूस बारीक होतोय का ते बघा.

पायरी ४: उठवणं-बसवणं

या कामात पाठ जाते, आणि एकदा गेली की गेलीच. म्हणून पहिला नियम: माणसाला उचलायचं नाही, उठायला मदत करायची. त्यांना पलंगाच्या काठावर आणा, पाय जमिनीला टेकू द्या, टाचा किंचित मागे. पुढे झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, मग तीन म्हणताच उठायचं. बहुतेक लोक मागे रेलून उठायचा प्रयत्न करतात आणि आपण त्यांना ओढतो. झुकले की निम्मं काम त्यांचं शरीरच करतं.

काखेत हात घालून कधीच ओढू नका. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा निखळू शकतो. तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, घसरले तर तुमच्या मानेसकट जातील. चाकाची खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला लावा, दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या. यांत्रिक लिफ्ट दोघांनी चालवायची. झोळीचा माप आणि चारही हूक दोघांनी बघायचे. एकट्याने लिफ्ट चालवायला सांगणारी माणसं सगळीकडे भेटतात. अपघात झाला की हीच माणसं तुम्हाला एकट्याने कुणी सांगितलं होतं असं विचारतात.

झोपेतून उठलेल्याला एक-दोन मिनिटं काठावर बसू द्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याला डॉक्टर आजार समजतात, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत तो बराच दिसतो. चक्कर येते का विचारा, चेहऱ्याकडे बघा.

पायरी ५: भरवणं आणि पाणी

शेजारी बसा, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. माणूस ताठ, हनुवटी किंचित खाली. छोटा घास, आणि गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा नाही. गळ्याकडे लक्ष ठेवा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते. अधू गालात अन्न साठून राहतं, शेवटी तोंड उघडून बघा. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसवून ठेवा. खाताना खोकला, डोळ्यांत पाणी, गुरगुरता ओला आवाज यांपैकी काही आलं तर थांबा आणि सांगा. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. त्यांच्यात फक्त पुन्हापुन्हा छातीचा संसर्ग दिसतो.

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या मऊ, कुस्करलेल्या, वाटलेल्या अन्नाची आणि दाट केलेल्या पेयांची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. आराखड्यात जी पातळी लिहिली असेल तीच द्यायची. दाट केलेलं पाणी पिववत नाही म्हणून दया येऊन साधं पाणी देणारे पुष्कळ असतात. दया कळते, पण पेच असा सोडवायचा नसतो. ते पीत नाहीत हे कळवा, म्हणजे बोलणं-गिळणं तपासणारा तज्ज्ञ पुन्हा तपासू शकेल.

पाणी कमी पिण्यामागे बहुधा लघवीची भीती असते. पुन्हा उठावं लागेल, वेळेत कुणी आलं नाही तर? म्हणून पाण्याचा आग्रह करण्याआधी शौचालयाला नेण्याच्या वेळा ठरवा. वजन महिन्याला होतं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर ती वयाची म्हणून सोडून देऊ नका.

पायरी ६: औषधं, परवानगी असेल तरच

योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाचही प्रत्येक वेळी. गोळी गिळलेली बघा आणि त्यानंतरच सही करा, आधी कधीच नाही. विचारल्याशिवाय गोळी कुटू नका. दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली गोळी कुटली तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते. हाडांसाठीची अलेंड्रोनेटची गोळी रिकाम्या पोटी भरपूर साध्या पाण्यासोबत द्यायची आणि माणसाला निदान अर्धा तास ताठ ठेवायचं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. नको म्हणाले तर जबरदस्ती नाही आणि अन्नात लपवणंही नाही. नकार लिहायचा आणि कळवायचा.

पायरी ७: विस्मरण झालेल्यांबरोबर

इथे वेळ द्यावा लागतो, आणि या कामातला सर्वांत रसाचा भागही हाच, असं माझं मत आहे. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांशी कर्मचारी कसे वागतात याचं बारीक निरीक्षण केलं आणि माणूस खचवणाऱ्या वागण्याची यादीच केली: फसवणं, लहान मूल समजणं, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ते तिथे नसल्यासारखं बोलणं, त्यांना झेपणार नाही इतक्या वेगाने सगळं करणं. यात दुष्टपणा नसतो, सवय असते, असंही त्यांनी सांगितलं. एका पाळीत स्वतःचं वागणं या यादीशी ताडून बघा.

समोरून या, मागून नको. एक वाक्य, एक सूचना, मग थांबा. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि आपण चौथ्या सेकंदाला प्रश्न बदलून पुन्हा विचारतो, म्हणजे त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात. आई कुठे आहे असं विचारलं तर ती वारली हे दर वेळी सांगू नका. त्यांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. आईबद्दल विचारा. ती काय करायची, कशी हाक मारायची. बरेचदा प्रश्नामागे एकटं वाटणं असतं आणि बोलण्यातच ते ओसरतं.

अंगोळीला नकार आला की माघार घ्या. वीस मिनिटांनी या, किंवा दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवा. एक अंगोळ चुकल्याने काही बिघडत नाही, झटापटीने दोघंही जखमी होतात. संध्याकाळी अस्वस्थता वाढते हे बऱ्याच जणांत दिसतं. दिवे लवकर लावा, दूरचित्रवाणीचा आवाज कमी करा, थोडं चालवून आणा.

मारणं, ओरडणं, कपडे ओढणं याला हट्ट म्हणण्याआधी क्रमाने तपासा: लघवी-संडास, भूक-तहान, थंडी-उकाडा, गोंगाट, दुखणं. ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांचं दुखणं मोजायला एक निरीक्षण-पट्टी वापरतात. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण; एकूण १०. वेदनाशामक देण्याआधी आणि दिल्यावर तासाभराने, अशी दोनदा पट्टी भरली तर फरक दिसतो. एखाद्याला फक्त डावी कूस दिल्यावरच ओरडायची सवय असेल तर सवय म्हणून सोडू नका, डाव्या कमरेचं बघा.

पायरी ८: आज वेगळं आहे

ही यादी पाठ करण्यासारखी आहे.

माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळला, कधी बरा कधी भ्रमिष्ट, तर तो डिमेन्शिया वाढलेला नसतो. ती भ्रमावस्था, डिलिरियम, आणि तिच्यामागे शारीरिक कारण असतं: संसर्ग, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, कमी पाणी, नवी गोळी, वेदना. बडबडणारा लगेच दिसतो. जो गप्प झाला, झोपून राहिला, जेवायला उठला नाही, तो सुटतो, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो. त्याच्याकडे आधी बघा. म्हाताऱ्या शरीरात संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही.

तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर राहत नाही, बोलणं जड झालं, तर तातडीची रुग्णवाहिका. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे त्या वेळेवर ठरतं.

मधुमेह्याला घाम, थरथर, विचित्र वागणं: साखर तपासा. डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम लगेच लागू होणारी साखर द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही.

पडलेलं कुणी दिसलं तर उचलायला धावू नका. शेजारी बसा, बोला, डोक्याला मार आहे का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, कुठे दुखतं ते बघा आणि परिचारिका येईपर्यंत पांघरूण घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला डोक्याला मार लागला तर तो ठीक दिसत असला तरी डॉक्टरला दाखवावंच लागतं.

कळवताना बरं वाटत नाहीये एवढंच म्हणू नका. काल दुपारी स्वतः जेवल्या, आज चमचा हातात धरत नाहीत, दोनदा हाक मारल्यावर डोळे उघडले, सकाळपासून लघवी नाही, असं सांगा. तुमचं शिक्षण कमी म्हणून तुमचं म्हणणं बाजूला पडलं तर पुन्हा सांगा, वरच्याला सांगा, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते लिहा.

पायरी ९: लिहिणं

दिसलं ते लिहा, निष्कर्ष नको. चिडखोर होते असं न लिहिता, डायपर बदलताना माझा हात ढकलला आणि मांडी धरून कण्हले, असं लिहा. शौचासाठी सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता असतो, त्यातला आकडा पुरतो. काम करण्याआधी रकाने भरून ठेवायची पद्धत काही ठिकाणी रूढ असते. तिच्यापासून लांब राहा. दहाला कूस बदलली अशी सही असलेला माणूस साडेनऊलाच रुग्णालयात गेलेला असतो, असं घडतं.

पायरी १०: घरची माणसं, आणि जे बघवत नाही ते

आईला इथे ठेवावं लागलं याचं ओझं मुलं तक्रारीच्या रूपात आणतात. साडीला डाग का, केस का विंचरले नाहीत. आधी ऐका, डाग असेल तर मान्य करा. वैद्यकीय प्रश्नांची उत्तरं परिचारिकेकडून देववा. त्यांच्याकडून मात्र भरपूर विचारून घ्या: रात्री दिवा लागतो का, कोणत्या हाताने लिहायच्या, पहाटे उठायची सवय कधीपासून. तुम्ही ज्याला आजार समजताय तो आयुष्यभराचा स्वभाव असू शकतो. भेटवस्तू, पैसे, उधारी नाही.

दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, तुमची चाहूल लागताच आक्रसणं, सहकाऱ्याचा झिडकारणारा हात असं काही दिसलं तर त्या सहकाऱ्याशी बोलून मिटवू नका. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला त्याच दिवशी सांगा. नव्या माणसाला हे फार जड जातं, कारण तोच सहकारी त्याला काम शिकवत असतो.

पायरी ११: शेवटचे दिवस

शेवटच्या दिवसांत माणूस खाणं-पिणं सोडतो. शरीराला ते नको असतं, भरवायचा आग्रह धरला तर ठसका लागतो. ओठ-जीभ ओल्या कापसाने ओली ठेवा. श्वास वाढत जातो, मंदावतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. बघणाऱ्यांना ते भयंकर वाटतं, पण जाणाऱ्याला बहुधा त्याचा तेवढा त्रास नसतो. कुशीवर वळवल्याने घरघर कमी होते. हातपाय गार आणि निळसर ठिपकेदार पडतात. बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरूनच. गेल्यानंतर शरीराला हात लावण्याआधी कुटुंबाची काय पद्धत आहे ते विचारा. शेजारच्या पलंगावरच्यांपासून लपवू नका. त्यांना कळलेलंच असतं, आणि लपवलं तर आपलंही असंच होणार एवढंच त्यांना त्यातून समजतं.

तुमचं शरीर, तुमच्या सुट्ट्या

न घसरणारे बूट, बारीक कापलेली नखं, अंगठी-बांगडी नाही. हाताला, बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटू लागली तर लाजू नका, खरूज असू शकते. ती एकट्याने मलम लावून जात नाही, संपर्कातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कुणी मारलं, ओरबाडलं तर तेही नोंदवा, आजारी माणूस आहे म्हणून गिळू नका. त्या नोंदीमुळेच त्या खोलीत दोघांनी जायचं ठरतं. रात्रपाळीनंतर गाडी चालवत घरी जाणार असाल तर आधी थोडी डुलकी घ्या. चार रात्री सलग झाल्यावर जास्तीची पाळी मागितली तर नाही म्हणा.

आणि मोठी सुट्टी जरूर घ्या, कारण तिचा वृद्धांनाही उपयोग होतो. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही. आठ दिवसांनी परत आलेल्याला दिसतं की सातव्या खोलीतल्या काकांची कॉलर सैल झालीय, बाराव्या खोलीतल्या बाई पाय ओढतायत. परतल्यावर पहिल्या फेरीत जे खटकेल ते त्याच दिवशी लिहा. दोन पाळ्यांनंतर तुम्हालाही ते रोजचंच वाटू लागेल.